साहेबाच्या डब्याचा दांडा

गोविंदाभाऊ मुनेश्वर यांनी साहेबाचा डबा अकरा वर्षं ओढला आणि त्या अकरा वर्षांत तो एकदाही आतून पाहिला नाही. ओढला म्हणजे जीपने. ते एका पाटबंधारे प्रकल्पावर ड्रायव्हर होते, आणि डबा म्हणजे दोन चाकांवरचं, खिडक्या-पडद्यांचं एक छोटं घर. जीपच्या मागे ते अडकवून साहेब दौऱ्यावर जात. कागदोपत्री त्याचं नाव 'निवासी ट्रेलर' होतं. साहेबांच्या पत्नी त्याला कॅरव्हॅन म्हणत. ड्रायव्हर मंडळी डबा म्हणत, आणि ओढणारे तेच असल्यामुळे तेच नाव टिकलं.

प्रकल्प पूर्ण होऊन वीस वर्षं झाली. त्याचं कार्यालय बंद व्हायला एवढी वर्षं लागली. गेल्या सप्टेंबरात शेवटी आवारातल्या सामानाचा लिलाव निघाला. चौदा लोखंडी कपाटं, एक रोडरोलर, टाइपरायटरांचा ढीग आणि कडुनिंबाखाली उभे असलेले दोन डबे. दोन्ही डबे एकाच साली, एकाच कारखान्यात बनलेले. दोन्हींचे नंबर पुसलेले. लिलाव करणाऱ्यांना कुठला कोणता याची गरज नव्हती. गोविंदाभाऊंना त्यातला एकच हवा होता.

सत्तर वर्षांच्या माणसाने खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर अंथरला आणि तो पहिल्या डब्याखाली शिरला. थोड्या वेळाने बाहेर आला, दुसऱ्याखाली शिरला. तिथे डाव्या चाकावरच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, तिसरा पाटा त्यांनी हाताने चाचपला. बाकीच्या पाट्यांपेक्षा तो बोटभर रुंद होता. १९८३ साली दिग्रसजवळ मूळ पाटा तुटला, तेव्हा तिथल्या लोहाराने जुन्या एसटीच्या कमानीतला पाटा कापून बसवला होता. गोविंदाभाऊंनी स्वतः त्याला भाता मारला होता. ते बराच वेळ तसेच पडून राहिले.

"काका," भंगारवाला वाकून म्हणाला, "पोरगी पसंत पडली का झोप लागली?"

"पसंत हाय," गोविंदाभाऊ खालूनच म्हणाले.

त्यांनी तो घेतला. कितीला, हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही, तेव्हा इथेही नको.

या खरेदीमागचं कारण मात्र सांगायला हवं, कारण ते त्यांनीही फार जणांना सांगितलेलं नव्हतं. १९८८ च्या डिसेंबरात हा डबा जीपपासून सुटला आणि त्याखाली त्यांचा खलाशी, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, शाम सापडला.

आर्णीकडच्या रस्त्यावर एक चढ आहे. चढावर खलाशाने लाकडी गुटका हातात घेऊन डब्याच्या मागे पायी चालायचं, आणि गाडी थांबली की तो चाकाखाली सारायचा, अशी पद्धत होती. ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती, त्यामुळे काटेकोर पाळली जाई. त्या दिवशी अर्ध्या चढावर गोविंदाभाऊंना जीप एकदम हलकी झाल्यासारखी वाटली. तो हलकेपणा त्यांना अजून आठवतो. शामने गुटका सारला होता. चाक त्यावरून उडी मारून गेलं.

गोविंदाभाऊ जीपमधून उतरून थेट उताराकडे धावले. मागून येणारा कापसाचा ट्रक थांबवून त्यांनी शामला यवतमाळला नेलं. शाम वाटेतच गेला. नातेवाईक येईपर्यंत ते दवाखान्यात थांबले. या सगळ्यात एक गोष्ट त्यांनी केली नाही. जीपच्या मागचा हूक त्यांनी पाहिला नाही. तो पाहायला ओवरसियर साहेब होते. ते जीपमध्येच होते आणि डब्यापाशी थांबले होते. तिसऱ्या दिवशी गोविंदाभाऊ परतले तेव्हा डबा आवारात उभा होता. पुढचा दांडा काळ्या रंगाने चकाकत होता.

जोडणी साधी असते. डब्याच्या दांड्याच्या टोकाला लोखंडी कडी. ती जीपच्या हुकात घालायची, हूक मिटायचा आणि तो उघडू नये म्हणून त्यात एक पिन खोचायची. शिवाय सगळंच सुटलं तर डबा जाऊ नये म्हणून एक साखळी असते. ती साखळी दोन वर्षांपासून सिमेंटच्या गोदामाच्या फाटकाला होती. सिमेंट पळून जाण्याची शक्यता अधिक मानली गेली होती.

चौकशीत ओवरसियर साहेबांनी सांगितलं, की हूक उघडा होता आणि पिन नुसती लोंबकळत होती. मग गोविंदाभाऊंना विचारलं गेलं, पिन लावली होती का? आदल्या दिवशी सगळ्यांनी त्यांना उत्तर शिकवून ठेवलं होतं. युनियनच्या अध्यक्षाने तर ते दोनदा म्हणवून घेतलं होतं: "लावली होती साहेब, या हाताने." उत्तर खोटं असण्याचंही कारण नव्हतं. गोविंदाभाऊंनी अकरा वर्षं रोज पिन लावली होती. अडचण तीच होती. रोज केलेली गोष्ट एकेका दिवसाची वेगळी आठवत नाही. डोळे मिटले की त्यांना पिन लावणारा हात दिसे, पण तो त्या सकाळचा होता की आदल्या सकाळचा, हे दिसत नसे. आणि दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, त्यांचा आवाज इतरांपेक्षा किंचित मोठा असे.

"आठवत नाही," ते म्हणाले.

ज्या कार्यालयात प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट गरजेप्रमाणे आठवत असे, तिथे हे उत्तर पहिल्यांदाच आलं होतं. चौकशी अधिकाऱ्याने मान वर करून पाहिलं म्हणतात. मग त्याने 'चालकाच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं. एक वेतनवाढ थांबली, आणि गोविंदाभाऊंना जीपवरून पाण्याच्या टँकरवर घालण्यात आलं. खात्याने दिलेली शिक्षा एवढीच. बाकीची त्यांनी स्वतःच ठरवली. शामची बायको रुक्माबाई माहेरी फुलसावंगीला राहायला गेली होती. दर वर्षी त्या तारखेला ते आपल्या गावाहून, नेरहून, तीन एसट्या बदलून तिच्या दारात जाऊन बसू लागले.

टँकर चालवताना, आणि पुढे निवृत्त झाल्यावर, त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. पिन नसेल, तर हूक उघडतो आणि कडी सबंध बाहेर येते. कडी सबंध असेल, तर शाम आपल्या हाताने गेला. कडी मोडली असेल, तर लोखंडाने गेला. आणि मोडलेली कडी कोणीतरी जोडली असेल, तर जोड असणार. तो काळ्या रंगाखाली असणार. दोनदा ते आवारात जाऊन त्या दांड्यापाशी उभे राहिले होते. पण सरकारी रंग खरवडायचा तर आधी अर्ज करावा लागला असता, आणि अर्जात कारण लिहावं लागलं असतं.

आता दांडा त्यांचा होता.

ट्रॅक्टरच्या मागे डबा नेरला आला तेव्हा त्यांच्या पत्नी नलूबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी तो शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर लागेपर्यंत पाहिला.

"घरात दोन खोल्या आहेत, त्या झाडून होत नाहीत," त्या म्हणाल्या. "अन् हे आणखी एक घर घेऊन आले. चाकाचं. कोठी पळून जायचं हाय जी तुमाले?"

"कोठी नाही."

"मंग चाकं कायले?"

त्यांचा मुलगा अश्वजित मात्र खूश झाला. तो एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे तास असला की प्राध्यापक असतो. टिपेश्वरला वाघ पाहायला पुण्या-नागपूरचे लोक येतात, त्यांना असल्या जुन्या डब्यात राहायला आवडतं, हे त्याने मोबाईलवर पाहिलं होतं. वडिलांनी आपल्यासाठीच हा घेतला अशी त्याची समजूत झाली. गोविंदाभाऊंनी ती मोडली नाही. खोटं ते बोलले नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

डबा नेमका कोणता, कुठला, हे शोधायचं काम अश्वजितने हाती घेतलं. त्याने फोटो काढून जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या एका गटात टाकले. दोन दिवसांत इंग्लंडमधल्या एका गृहस्थाने ठामपणे कळवलं, की हा पन्नास सालच्या सुमाराचा, त्यांच्याकडचा अत्यंत दुर्मिळ नमुना आहे. अश्वजितने ते घरात वाचून दाखवलं.

"नागपूरचा हाय," गोविंदाभाऊ म्हणाले.

"बाबा, ते तज्ज्ञ आहेत."

"चौकट सागाची हाय, पत्रा बसगाडीचा हाय अन् रिवेटा बसगाडीच्या हायेत. त्या तज्ज्ञाले म्हणा, दाराच्या आतल्या बाजूले वरती पाहून घे."

तिथे राखाडी रंगाखाली एक उंचवटा होता. घासल्यावर ॲल्युमिनियमची पट्टी निघाली. नागपूरचा कारखाना, साल १९६४. अश्वजितने पट्टीचा फोटो पाठवला. इंग्लंडहून पुन्हा काही आलं नाही.

"पण तुम्ही तर आत कधी गेले नव्हते ना? मग पट्टी कशी माहीत?"

"दार उघडं राहत असे ना. साहेब आत बसून चहा घेत. आमी बाहेर उभे."

डब्यात पहिल्यांदा चढताना गोविंदाभाऊंनी चपला खाली काढल्या. अश्वजित म्हणाला, "बाबा, आपलंच आहे." त्यांनी ऐकलं, आणि तरी अनवाणीच आत गेले. आत उंदरांनी गादीच्या चिंध्या केल्या होत्या, जमिनीची फळी एका कोपऱ्यात कुजली होती. कशाच्या जागी काय होतं हे सांगणारं आता कोणी नव्हतं. गोविंदाभाऊंनी ते बाहेरच्या आवाजांवरून लावलं. डाव्या वळणावर काचा वाजत, म्हणजे कपबशांचं कपाट उजव्या भिंतीला. ब्रेक मारला की एक जड वस्तू सरकून दाराला आपटे, म्हणजे ट्रंक बाकाखाली. अकरा वर्षं कानांनी पाहिलेलं घर त्यांनी तीन आठवड्यांत सागाच्या फळ्यांनी पुन्हा उभं केलं. दोन खिळ्यांची भोकं नेमकी त्यांनी सांगितलेल्या जागी निघाली, तेव्हा नलूबाईसुद्धा बघायला आत आल्या.

"माय वं," त्या बाकावर बसून म्हणाल्या. "एवढ्याशा डब्यात साहेब अन् साहेबीण? भांडले तं जायचं कोठी?"

"भांडले की साहेब खाली येत," गोविंदाभाऊ म्हणाले. "अन् आमच्यावर ओरडत."

लोखंडाचं काम देवसिंग आडे करत होते. देवसिंग म्हणजे दारव्हा रोडवरचे वेल्डर, गोविंदाभाऊंचे तीस वर्षांचे मित्र. प्रकल्पाच्या ठेकेदाराकडे ते कोवळ्या वयात कामाला होते, तिथून ओळख. दोघांचा रोजचा चहा एकाच टपरीवर होता. एक 'जय भीम' म्हणे, दुसरा 'जय सेवालाल' म्हणे, आणि दोघेही आपापलं म्हणून झालं की समाधानाने बसत.

देवसिंग यांनी डब्याभोवती पहिल्या दिवशी एक फेरी मारली आणि पुढच्या दांड्यापाशी थांबले.

"भाऊ, हा दांडा गेला. कापून टाकू. नवा लोखंडी चॅनल टाकतो, नवी कडी."

"राहू दे."

"गंजला हाय आतून. टिपेश्वरच्या रस्त्यावर मोडला तं?"

"पाहू मंग."

"माझ्याकडून टाकतो. फुकट."

देवसिंग यांनी काही फुकट दिल्याचं नेर तालुक्यात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. गोविंदाभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांना वाटलं, वयाने माणूस मऊ होतो.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. गोविंदाभाऊंनी खिडक्या केल्या, फळ्या केल्या, छताचं गळणं बंद केलं. पाणी मारून पत्रा घासला. खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली, वाळल्यावर पुन्हा घासली. घासताना रंगांचे थर एकाआड एक निघत गेले. वरचा राखाडी, निवडणुकीच्या कामाला दिला होता तेव्हाचा. मग पिवळा, कुठल्याशा साथीतल्या फिरत्या दवाखान्याचा. मग निळा, ज्याचं कारण कोणालाच सांगता आलं नाही. मग तो फिकट हिरवा, जो सरकार शाळांना, दवाखान्यांना आणि तुरुंगांना सारखाच देतं. त्याच्याखाली क्रीम, गोविंदाभाऊंच्या वेळचा. तो दिसला तेव्हा त्यांनी तिथलं घासणं थांबवलं आणि अश्वजितला म्हणाले, "हा रंग आणायचा."

सगळा डबा झाला. दांडा राहिला. कडीजवळचं जे आठ इंच लोखंड पाहण्यासाठी त्यांनी एवढं घर विकत घेतलं होतं, तेवढं सोडून त्यांनी सगळं केलं. रोज सकाळी ते पॉलिश पेपर घेऊन दांड्यापाशी जात, आणि खिडकीचं काहीतरी आठवून परत येत. देवसिंग दर दोन दिवसांनी विचारत, "कापू का आता?" गोविंदाभाऊ म्हणत, "थांब." दोघंही आपापल्या जागी घाबरलेले होते, पण एकालाच ते माहीत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नलूबाईंनीच विषय काढला. शामची गोष्ट ठाऊक असलेल्या मोजक्या माणसांत त्या होत्या.

"आठ दिवसांनी तारीख हाय," त्या म्हणाल्या. "यंदा बी तसेच जाणार का फुलसावंगीले? न पायता?"

त्या दुपारी गोविंदाभाऊ दांड्यासमोर पोतं टाकून बसले आणि घासायला लागले. दांड्याला वेगळे रंग दिलेले नव्हते. दर खेपेला काळा, मध्ये कधी चंदेरी. कडेकडेने घासलं की थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे दिसतात. दांड्याच्या मधोमध त्यांनी मोजले. सात. मग ते कडीच्या मानेकडे सरकले. तिथे पुन्हा मोजले. पाच. सगळ्यात जुने दोन थर त्या आठ इंचांवर नव्हते. पाचवा काळा सरळ उघड्या लोखंडावर बसलेला होता, आणि त्या लोखंडावरून, मानेच्या पूर्ण गोलाईतून, एक उंचसखल पट्टी गेली होती. शिंपल्यांवर शिंपले ठेवल्यासारखी.

जोड होता.

गोविंदाभाऊंनी पेपर खाली ठेवला. मागे देवसिंग उभे होते. ते केव्हा आले, हे त्यांना कळलं नव्हतं.

"देवसिंग, पाय बरं. हा जोड हाय ना?"

"हाय."

"मोडलीच होती कडी." गोविंदाभाऊंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.  "मोडली होती बाप्पा. कोणाच्या हातचा असंन हा?"

वेल्डरला आपला जोड अक्षरासारखा ओळखू येतो. देवसिंग यांनी वाकून पट्टीवरून अंगठा फिरवला. मग तेही पोत्याच्या कडेला बसले.

"माझ्या," ते म्हणाले.

प्लॉटच्या पलीकडे कोणीतरी मोटर चालू केली, पाणी भरलं, बंद केली.

"ओवरशियर आलता," देवसिंग सांगू लागले. "ठेकेदाराच्या वर्कशॉपात. दुपारची वेळ. जीप अन् डबा, दोर लावून ओढत आणलेला. कडी वेगळी, हातात. म्हणे, जोड. मी जोडली. मानेत जुनी चीर होती, गंज आतपर्यंत गेलता, अन् देखभाल त्याच्याचकडं होती. रंगाचा डबा त्यानं सोबतच आणलता. म्हणे, कडी थंडी झाली की मार."

"तुले माहीत होतं, माणूस गेला म्हणून?"

"तवा नाई. चौथ्या दिवशी चहावर समजलं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"बावीस वर्षांचा होतो भाऊ. नवीन लग्न झालतं. ठेकेदाराचं काम सुटलं असतं."

"अन् मंग? ठेकेदार गेला. ओवरशियर मेला. तीस वर्षं माझ्यासंग चहा पेऊन राह्यला ना बे तू!"

"मंग तुमची ओळख झाली," देवसिंग म्हणाले. "अन् तुमी चांगले माणूस निघाले. वाईट निघाले असते, तं एखाद दिवशी भांडणात तरी सांगतलं असतं. चांगल्या माणसाले कसं सांगू? रोज वाटे, आज सांगतो. रोज तुमी चहा सांगून मोकळे."

यात विनोद नव्हता. देवसिंग जसं घडलं तसं सांगत होते.

 गोविंदाभाऊ पुन्हा पेपर उचलून घासायला लागले, जिथे घासायचं काही उरलं नव्हतं तिथेच. थोड्या वेळाने म्हणाले, "जाय तू." देवसिंग गेले. दुसऱ्या दिवशी टपरीवर एक चहा कमी लागला. तिसऱ्या दिवशीही.

घरात त्यावरून दोन तट पडले. अश्वजितला हे सगळं नव्यानेच कळलं होतं आणि त्याला खात्याकडे अर्ज करायचा होता. त्याने जोडाचे अकरा फोटो काढले. "बाबा, तुम्ही निर्दोष आहात," तो म्हणाला. हा शब्द घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला आणि कुणाला त्याचं काय करावं ते कळेना. नलूबाईंचं म्हणणं वेगळं होतं.

"त्या कागदाचं सोडा. त्या देवसिंगाच्या तोंडावर जाऊन सांगा, का तुह्यामुळं हा माणूस छत्तीस वर्षं ताठ बसला नाही. त्याच्या घरच्या लग्नात मी वांग्याची भाजी केलती, पाचशे माणसाची!"

"त्यानं मारलं नाही शामले."

"मारलं नाही, पण झाकलं ना!"

गोविंदाभाऊंनी डब्याला क्रीम रंग दिला. दांड्याला काळा दिला. कडीच्या मानेपाशी मात्र आठ इंच तसंच उघडं ठेवलं आणि गंजू नये म्हणून त्यावर तेलाचं बोट फिरवलं. अश्वजित म्हणाला, टुरिस्ट विचारतील. गोविंदाभाऊ म्हणाले, विचारू दे.

तारखेला ते पहाटेच्या गाडीने निघाले. यवतमाळला बदलली, महागावला बदलली. मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी होती. दर वर्षी ते ती नेत. पहिल्या वर्षी रुक्माबाईंनी त्यांना दारात उभं ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी पाणी दिलं. पाचव्या वर्षी चहा. पुढे त्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला लागल्या, पोरगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून आली. दर वर्षी गोविंदाभाऊ ओट्यावर दोन तास बसत. शामबद्दल कोणी बोलत नसे. निघताना रुक्माबाई शेंगांच्या पिशवीकडे पाहून म्हणत, "इथं काय तुरी नाईत का, ड्रायवर भाऊ?" पुढच्या वर्षी ते पुन्हा तुरीच नेत.

या खेपेला ते चहा यायच्या आधीच बोलले. सगळं सांगितलं, डबा, थर, जोड, देवसिंग. अश्वजितने कागदावर काढून दिलेला फोटोही दाखवला. रुक्माबाईंनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरला.

"हे काय हाय?"

"कडीची मान. मोडली होती. मंग जोडली."

"म्हणजे तुमी नाई केलं."

"माह्या हातानं नाही झालं, असं दिसते."

ते कशाची वाट पाहत होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. रुक्माबाईंनी फोटोची घडी केली आणि शेजारी ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तिथे राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हतं.

"मंग मी आता कोणावर धरू?" त्या म्हणाल्या. "ओवरशियर मेला म्हणता. मेलेल्यावर काय धराव? त्या वेल्डरले मी पायलं बी नाही. तुमी होते. दर साली येत होते, समोर बसत होते. मी चहा करत होती अन् मनात म्हणत होती, हाच तो. म्हातारी झाली मी असं म्हणून म्हणून. अन् आता तुमी फोटो घेऊन आले, का मी नाही."

 छत्तीस वर्षांत गोविंदाभाऊंनी या सुटकेचा जो जो विचार केला होता, त्यात रुक्माबाई रडल्या होत्या, एकदा तर त्यांनी हातही जोडले होते. आपण त्यांचं काही काढून घ्यायला चाललो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

सून चहा ठेवून गेली. तो तसाच निवत राहिला. मग रुक्माबाईंनी शेंगांची पिशवी पुढे ओढली, परातीत ओतली आणि सोलायला लागल्या. चार-पाच शेंगा झाल्यावर, मान वर न करता त्यांनी विचारलं.

"अन् पिन?"

"काय?"

"तुमची ती पिन. कडी मोडली ते मोडली. पण पिन लावलती का तुमी त्या दिवशी?"

हो म्हणायला आता काहीच अडचण नव्हती. कडी मोडलेली होती. पिन होती की नव्हती, याला काही अर्थ उरला नव्हता. हो म्हटलं असतं तर कोणाचं नुकसान नव्हतं, आणि बहुधा ते खरंही होतं. गोविंदाभाऊंनी डोळे मिटले. हात दिसला. पिन दिसली. सकाळ कुठली, ते दिसलं नाही.

"आठवत नाही, रुक्माबाई," ते म्हणाले.

रुक्माबाईंचे हात थांबले. त्यांनी गोविंदाभाऊंकडे पाहिलं, दर वर्षी जसं पाहत तसंच, आणि त्यांचा चेहरा हळूहळू जागेवर आला. त्यांनी परात दोघांच्या मध्ये सरकवली.

"मंग पुढल्या साली या," त्या म्हणाल्या. "अन् तुरी नका आणू. इथं काय तुरी नाईत का?"

गोविंदाभाऊंनी एक शेंग उचलली आणि सोलायला लागले. महागावची गाडी साडेचारला होती.